कोष्टी सरांचं विरजण

"नऊ टक्के," डॉ. रुबिना बागवान म्हणाल्या.

भूपाल मगदूम खुर्चीत पुढं सरकले. "नव्वद म्हणालात न्हवं?"

"नऊ, काका."

मिरजेच्या त्या आतडे-केंद्रात बाहेर पंधरा माणसं ताटकळत बसली होती, पण मगदूम उठायचं नाव घेईनात. "आमचं लग्न होऊन बत्तीस वर्षं झाली, डॉक्टर. एका छताखाली राहतोय, एका माठातलं पाणी पितोय. नऊ कसं येईल? परत बघा."

डॉक्टरांनी परत बघितलं. पडद्यावरचा आकडा नऊच होता. शेजारच्या खुर्चीत त्रिशलाबाई डाव्या मनगटावरचा आधारपट्टा चाचपत बसल्या होत्या. खरं तर हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठी चालला होता, पण नवऱ्याचा चेहरा असा झाला होता, की कुणी बाहेरून आलं असतं तर पेशंट तेच वाटले असते.

त्यांचं असं होण्याला कारण होतं. मगदूम तालुक्याच्या दूध संघातून विरजण विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. दुधात बोट घालून ते तापमान सांगत आणि लग्नाच्या पंगतीत दह्याची वाटी पुढं आली, की पहिला घास घेऊन 'हे काल दुपारी लावलंय' म्हणून यजमानाला घाम फोडत. अशा माणसाला कुणी सांगावं, की तुमच्या बायकोला विरजण लागणार आहे आणि ते तुमचं चालणार नाही, म्हणजे जरा जास्तच झालं.

दोन वर्षांपूर्वी त्रिशलाबाईंचं जठर काढलं होतं. कर्करोग जठराच्या मधोमध होता, थोडं ठेवून थोडं कापण्यासारखं राहिलं नव्हतं. अन्ननलिका थेट आतड्याला जोडली. रोग गेला. पुरणपोळ्या करून शेजारी वाटल्या. आणि मग एका सकाळी लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडताना त्रिशलाबाईंचं मनगट मोडलं. पडल्या नाहीत, आपटल्या नाहीत. नुसतं झाकण पिळलं.

बागवान डॉक्टरांनी तेव्हा कागदावर चित्र काढून समजावलं होतं. जठरातलं आम्ल अन्नातलं कॅल्शियम विरघळवतं, तेव्हा ते आतड्यात शोषलं जातं. जठर गेलं, आम्ल गेलं, कॅल्शियम आलं तसं निघून जातं. स्निग्ध पदार्थ नीट पचत नाहीत, म्हणून त्यांच्याबरोबर येणारं ड जीवनसत्त्वही हाती लागत नाही. पण रक्तातलं कॅल्शियम कमी होऊन चालत नाही, कारण हृदयाचा ठोका त्याच्यावर पडतो. मग शरीर ते हाडांतून काढायला लागतं. घरातलं सरपण संपल्यावर कुणी दाराच्या चौकटी काढून चुलीत घालाव्यात, तसं. चूल पेटती राहते, घर मात्र खिळखिळं होतं. गोळ्या होत्या, इंजेक्शनं होती. त्यांनी झीज हळू झाली, थांबली नाही. त्रिशलाबाईंच्या खुब्याचं हाड आता अशा जागी आलं होतं, की न्हाणीघरात एकदा पाय घसरला तर पुढचं आयुष्य पलंगावर काढावं लागलं असतं. आणि बाई होत्या शाळेच्या पीटीच्या शिक्षिका. सव्वीस वर्षं खो-खोच्या मैदानावर शिट्टी फुंकलेली. पलंगाचं नाव काढलं तरी त्यांचा चेहरा उतरायचा.

हे नवं विरजण त्याच्यासाठी होतं. दह्यातल्या जिवाणूंचाच एक प्रकार शास्त्रज्ञांनी असा घडवला होता, की तो आतड्याच्या सुरुवातीला ठाण मांडायचा, तिथंच आम्ल करायचा आणि कॅल्शियम विरघळवून भिंतीपर्यंत पोचवायचा. जठराचं एक काम तो परक्या जागी बसून करणार होता. अडचण एकच होती. माणसाच्या पोटात जिवाणूंची भरली वस्ती असते आणि ती नवख्याला चार दिवसांत हुसकून लावते. नवखा टिकतो तो जुन्या ओळखीच्या सोबत्यांबरोबर आला तरच. त्रिशलाबाईंचे जुने सोबती शस्त्रक्रियेत, केमोत आणि औषधांच्या माऱ्यात नाहीसे झाले होते. ते आता सापडले तर दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडात सापडणार होते.

"यात रक्ताचं नातं फारसं कामाला येत नाही, काका," डॉक्टर म्हणाल्या. "एक घरही पुरत नाही. एक ताट लागतं. वर्षानुवर्षं ज्याच्याबरोबर जेवलात, त्याच्या तोंडात तुमचे जिवाणू राहतात आणि तुमच्या तोंडात त्याचे. पन्नासच्या वर जुळलं तरच विरजण धरतं." मग त्या त्रिशलाबाईंकडं वळल्या. "मावशी, तुम्ही जेवायच्या कुणाबरोबर?"

"शाळेत. कोष्टी सरांबरोबर," त्रिशलाबाई म्हणाल्या. कुणी पत्ता विचारावा आणि आपण सांगावा, तितक्या सहज.

मगदुमांनी बायकोकडं बघितलं. बावीस वर्षं त्या दोघांनी दुपारचा डबा एकत्र खाल्ला होता, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. कोष्टी सर चित्रकलेचे शिक्षक, लग्न न केलेले, हातानं करून खाणारे. 'सरांसाठी दोन पोळ्या जास्त घेते' हे त्यांनी हजारदा ऐकलं होतं आणि हजारदा सोडून दिलं होतं. पण डबा एकत्र खाणं वेगळं आणि मिरजेच्या यंत्रानं त्याचा आकडा काढणं वेगळं.

कोष्टी सरांचा आकडा आला चौऱ्याहत्तर.

घरी परतताना गाडीत मगदुमांच्या डोक्यात बत्तीस वर्षांच्या जेवणांची उजळणी चालली होती. पहाटे चारला ते संघात जायचे, तेव्हा त्रिशलाबाई झोपलेल्या. दुपारचा डबा संघाच्या कँटीनमध्ये. घरी यायला साडेसात, आठ. आणि घरात मगदुमांच्या आईपासून चालत आलेला जैन नेम होता, दिवस मावळायच्या आत जेवायचं. त्रिशलाबाईंनी तो कधी मोडला नाही. त्यांचं ताट धुऊन उपडं झालेलं असायचं, तेव्हा मगदुमांचं वाढलं जायचं. रविवार होते, सणवार होते, पण ते धरूनसुद्धा यंत्रानं म्हटलं ते नऊच. मगदुमांना यंत्राचा राग आला, आणि त्याहून जास्त राग आला तो यंत्र खरं बोलत होतं याचा.

पुढच्या सोमवारी सकाळी नऊला कोष्टी सर आले. घोटून दाढी केलेली, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात घडी घातलेला रुमाल. वय एकोणसत्तर, अंगानं काटकुळे, आवाज इतका हळू की वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोरांना कधी काही ऐकू गेलं असेल का याची शंका यावी. केंद्रानं दिलेली पेटी ओट्यावर ठेवली होती. सरांनी कोमट पाण्याची चूळ तोंडात मिनिटभर खळबळवायची आणि पेटीच्या तोटीत सोडायची. पेटी त्यातले हवे ते जिवाणू निवडायची, नको ते मारायची, घडवलेल्या जातीशी त्यांची गाठ घालायची आणि दोन तासांनी स्टीलच्या वाटीत चमचाभर विरजण काढून द्यायची. ते आठवडाभर चालायचं. दूध कोमट करून, विरजण घालून, झाकून ठेवायचं काम घरातल्यांचं.

म्हणजे मगदुमांचं.

"उष्टं की हो हे," ते पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात पुटपुटले. लग्नात नवरा-बायको एकमेकांच्या तोंडात घास देतात. त्या घासानंतर बायको नवऱ्याचं उष्टं खाते, नवरा बायकोचं, बाकी कुणाचं कुणी खात नाही. आणि इथं परक्या माणसाची चूळ आपल्या घरात, आपल्या पातेल्यात, आपल्या हातानं.

"पेटीनं गाळलेलं आहे ते," त्रिशलाबाई म्हणाल्या. "आणि डब्यातलं काय गाळून खात होतो का आम्ही?"

हे त्या चेष्टेनं म्हणाल्या, पण मगदुमांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सरांचं दही बघून तर त्यांना भरूनच आलं. पातळ, चिकट, चमचा उचलला की तार सुटायची. संघात असलं दही निघालं असतं तर त्यांनी टाकी ओतून दिली असती. त्रिशलाबाई मात्र ते सकाळ-दुपार-संध्याकाळ वाटीभर, छोट्या छोट्या चमच्यांनी, औषध म्हणून नाही तर आवडीनं खात. आणि दर शनिवारी सकाळी लघवीत पट्टी बुडवून फोनसमोर धरत. हाड झिजत असलं तर पट्टी तांबडी होई, भरत असलं तर निळी. पहिले तीन आठवडे तांबडी. चौथ्याला जांभळी. सातव्या शनिवारी ती स्वच्छ निळी झाली आणि त्रिशलाबाईंनी आधी फोन लावला तो कोष्टी सरांना.

"मला आधी सांगायचं न्हाईस का?" मगदुमांनी विचारलं.

"तुम्ही समोरच उभे होता की."

ते खरं होतं. तरीही.

बाई हळूहळू हिंडायला लागल्या. गल्लीच्या टोकापर्यंत, मग मंदिरापर्यंत, मग शाळेच्या मैदानापर्यंत. शाळेच्या वार्षिक खो-खो सामन्यांना पंच म्हणून या, असं बोलावणं आलं आणि कपाटातली जुनी शिट्टी बाहेर आली. सोमवारी कोष्टी सर चूळ टाकून लगेच जायचे, ते आता बसायला लागले. शाळेतल्या गोष्टी निघायच्या. कुठल्याशा पाटील नावाच्या मुलीनं खुंटाला कसा वळसा मारला होता, कुठल्या मुख्याध्यापकांचा टोप पावसात कसा उडाला होता. त्रिशलाबाई बरगड्या धरून हसायच्या. मगदूम शेजारी बसून पेपर वाचायचे, आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचायचे. त्या गोष्टींत ते कुठंच नव्हते. त्यांच्याकडं सांगण्यासारख्या गोष्टी होत्या त्या टाक्यांच्या आणि शिरगाव्यांच्या. शिरगावे म्हणजे संघातले रसायनतज्ज्ञ, कँटीनमध्ये समोर बसणारे.

बायको बरी होत होती, ह्याचा आनंद त्यांना होता. पण तो आनंद दुसऱ्याच्या हातून मिळत होता आणि तो गिळताना घशात अडकत होता. हाताला गुण असतो म्हणतात. तो गुण आपल्या हाताला असल्याचं सगळा तालुका म्हणत आला, आणि घरातल्या माणसापुरता तो नाही, हे त्यांना सहन होईना. आपली बायको आपल्या हातानं उभी राहिली पाहिजे, एवढं एकच त्यांना हवं होतं.

अकराव्या सोमवारी सर गेले, त्रिशलाबाई त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेल्या आणि तिथंच गप्पा मारत उभ्या राहिल्या. ओट्यावर दूध उतू जायला आलं होतं. वाटीत चमचाभर विरजण तयार होतं. मगदुमांनी गॅस बंद केला, खिडकीतून फाटकाकडं बघितलं, आणि वाटीतलं विरजण उकळत्या दुधात ओतून ढवळलं.

मुंगीसुद्धा मारायची नाही अशा घरातला तो माणूस. एका चमच्यात किती कोटी जीव असतात, हे तालुक्यात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

दूध निवल्यावर त्यांनी त्यात स्वतःचं विरजण घातलं. मात्र संशय येऊ नये म्हणून मुद्दाम थंड दुधात घातलं, अर्ध्यातच ढवळलं, पुन्हा झाकलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी जाणूनबुजून वाईट दही लावलं आणि ते हुबेहूब वाईट झालं. आपलीही जात काही कमी नाही, त्यांनी स्वतःला समजावलं. दही म्हणजे दही. यंत्राच्या आकड्यापेक्षा आपला अनुभव मोठा.

दुसऱ्या दिवशी त्रिशलाबाईंनी पहिला चमचा तोंडात घातला आणि भुवया उंचावल्या.

"सरांच्या दह्याला आज चव आलीय हं," त्या म्हणाल्या.

मगदूम ते ऐकून बाहेर सोप्यात जाऊन बसले. आता रडावं की हसावं, त्यांना कळेना.

पुढं दर सोमवारी तेच झालं. सर येत, चूळ टाकत, आणि तिचं जे व्हायचं ते उकळत्या दुधात होई. शनिवारची पट्टी आधी निळीच राहिली. मगदुमांची छाती फुगली. चौथ्या शनिवारी ती जांभळटली. "दमणूक झाली असेल," ते म्हणाले. पाचव्या शनिवारी पट्टी तांबडी झाली. त्रिशलाबाईंनी ती उजेडात धरून दोनदा बघितली आणि शिट्टी परत कपाटात ठेवली. तेव्हा थांबायला हवं होतं. मगदुमांना ते कळतही होतं. पण थांबायचं म्हणजे सांगायचं आणि सांगायचं म्हणजे कोष्टी सर जिंकले असं मान्य करायचं. एक आठवडा बघू, असं म्हणत त्यांनी आणखी दोन आठवडे घालवले.

सातव्या आठवड्यात, बुधवारी सकाळी, मगदूम कढईत लाल मिरचीची फोडणी देत होते. ठसका उठला. बाहेर सोप्यात त्रिशलाबाईंना शिंक आली. एकच. मग काही आवाज नाही. मगदूम बाहेर आले तेव्हा बाई खुर्चीची कड धरून वाकल्या होत्या, ओठ पांढरे पडले होते.

"काय झालं?"

"मोडलं," त्या कशाबशा म्हणाल्या. "आतनं आवाज आला."

शिंकेनं बरगडी मोडली होती. मिरजेत फोटो काढले, तेव्हा पाठीचा एक मणकाही दबलेला दिसला. बागवान डॉक्टर बराच वेळ कागद उलटसुलट करत राहिल्या.

"मला हे समजत नाही. आधी इतकं छान चाललं होतं," त्या म्हणाल्या. "आता मावशींच्या नमुन्यात आपला एकही जिवाणू नाही. एकही. पेटीची तपासणी केली, ती ठीक आहे. सरांचा नमुनाही ठीक आहे." मग त्यांनी मगदुमांकडं बघितलं. "काका, दूध फार गरम असताना तर विरजण घातलं जात नव्हतं ना? नवख्या लोकांचं तसं होतं कधीकधी."

नवख्या लोकांचं! त्रिशलाबाईंनी मान वळवली आणि नवऱ्याकडं नीट बघितलं. दुधाचं तापमान बोटानं सांगणारा माणूस तो. त्याच्या हातून ही चूक होणं शक्य नव्हतं, आणि त्यांना सगळं तिथंच कळलं.

घरी आल्यावर पलंगावर टेकून बसल्या, पाठीला तीन उश्या.

"किती गरम होतं?"

"उकळत हुतं," मगदूम म्हणाले.

"चुकून?"

"न्हाई."

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण बरगडीनं ओरडायची सोय ठेवली नव्हती. त्या हळू आवाजात, एकेका श्वासाला थांबत बोलल्या. "राग माझ्यावर होता, सरांवर होता, तर भांडायचं होतं. ताट आपटायचं होतं. हाडं माझी होती हो. ती कशाला घेतलीत?"

"मला सहन झालं न्हाई." मगदुमांचा आवाज फाटला. "बत्तीस वर्षं, त्रिशला. आणि नऊ. मी तुझा कोण हाय मग?"

"रोज रात्री चार पोळ्या तुमच्या डब्यात भरून ठेवायचे मी. त्या कोण खायचं?"

"मी. आणि शिरगावे."

"मग उद्या तुमचं पोट काढायची वेळ आली तर विरजण शिरगाव्यांचं लागेल. माझं नाही चालणार. मी कधी जळले का शिरगाव्यांवर?"

मगदुमांना हसू आलं आणि त्याच श्वासात रडू आलं. ते पलंगाच्या पायाशी बसले. "चुकलो मी. क्षमा कर."

"क्षमावाणीला अजून पाच महिने आहेत," त्रिशलाबाई म्हणाल्या. जैनांचा एकमेकांची क्षमा मागायचा तो दिवस त्यांनी बोटावर मोजला. "तेव्हा बघू. आधी सरांकडं जा आणि विरजण मागून आणा. काय केलंत ते तुमच्या तोंडानं सांगा."

शेजारी विरजण मागायला वाटी घेऊन जायचं, ह्यात कुणाला कधी कमीपणा वाटत नाही. पण ज्यानं चौतीस वर्षं तालुक्याला विरजण पुरवलं, त्याला कोष्टी गल्लीतल्या त्या जिन्याच्या सात पायऱ्या चढायला बराच वेळ लागला. सरांची एकच खोली होती. भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं, स्टोव्हवर एका माणसापुरतं पातेलं. सरांची दाढी चार दिवसांची वाढलेली होती. त्या अवतारात मगदुमांनी त्यांना कधी बघितलंच नव्हतं.

मगदुमांनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. सरांनी ऐकून घेतलं. मग चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"राग आला नाही म्हटलं तर खोटं होईल," ते म्हणाले. "माझ्यामुळं बाई चालायला लागल्या, याचा मला केवढा अभिमान वाटत होता. आणि तुम्ही ते उकळून टाकलंत. पण बरगडी मोडलीय बाईंची, तेव्हा राग नंतर. चला." दाराशी आल्यावर ते थांबले, गालावरून हात फिरवला. "दोन मिनिटं थांबा. दाढी करतो. सोमवारी करतो एरवी. बाकी दिवस कुणासाठी करायची?"

त्या दिवसापासून घरात दोन गोष्टी बदलल्या. विरजण घालताना त्रिशलाबाई ओट्याशी उभ्या राहून बघायला लागल्या. मगदुमांनी ते मुकाट्यानं सोसलं. आणि दुसरी गोष्ट अशी, की मगदूम दिवस मावळायच्या आत, बायकोच्या ताटात जेवायला बसायला लागले. जठर नसलेल्या माणसाला दिवसातून सात वेळा थोडं थोडं खावं लागतं. मगदूम सातही वेळा बसले. तिनं अर्धी सोडलेली भाकरी त्यांनी खाल्ली, तिनं टेकवलेली वाटी त्यांनी चाटून पुसून संपवली. आधी हे सगळं त्या नऊसाठी होतं. कोष्टी सरांना मागं टाकायचंच, असा हिशेब मनात होता, आणि तो त्यांनी लपवलाही नाही.

"शर्यत लावलीय का?" त्रिशलाबाईंनी एकदा विचारलं.

"व्हय."

"बावीस वर्षांची आघाडी आहे त्यांची."

"ते दिवसातनं एकदा जेवत हुते. मी सात वेळा बसतोय."

क्षमावाणीला त्रिशलाबाईंनी क्षमा केली. पट्टी निळी झाली आणि निळीच राहिली. दुसऱ्या वर्षी सामन्यांना त्या खुर्चीत बसून पंच झाल्या, मगदूम मैदानाच्या कडेला डबा घेऊन उभे. सोमवारी सर येत, बसत, हसत. मगदुमांचा जळफळाट गेला नव्हता, पण त्याच्याबरोबर राहायची त्यांना सवय झाली होती. मुख्याध्यापकांच्या टोपाची गोष्ट आता त्यांनाही पाठ झाली होती आणि चुकली तर ते मधेच दुरुस्त करायचे.

पावणेदोन वर्षांनी मिरजेला परत तपासणी झाली. त्या रविवारी सकाळी निकाल फोनवर आला. मगदुमांनी तो त्रिशलाबाईंना दाखवला. मग चष्मा पुसून स्वतः परत वाचला.

बावन्न.

खाली बागवान डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'अभिनंदन काका. आता विरजण तुमचंही चालेल. सरांना दर आठवड्याला त्रास द्यायची गरज नाही.'

मगदूम दिवसभर घरात नाचायचेच बाकी होते. सोमवारी पेटीत कोणती चूळ जाणार, कसं जाणार, दूध किती गरम करायचं, सगळं त्यांनी मनात दहा वेळा करून बघितलं. सरांना काय सांगायचं, तेही ठरवलं. गोड बोलून, आभार मानून, नारळ देऊन. नारळ सोलून ओट्यावर ठेवलासुद्धा.

सोमवारी नऊला सर आले. घोटून दाढी, इस्त्रीचा शर्ट, खिशात रुमालाची घडी. चपला काढता काढता त्यांचं लक्ष ओट्यावरच्या नारळाकडं गेलं, आणि ते तिथंच उंबऱ्याशी उभे राहिले.

"मगदूम साहेब, तपासणीचा निकाल आला म्हणे," ते त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाले. "किती आला? म्हणजे, पुढच्या सोमवारी मी यायचं का नाही, ते कळलं असतं."

मगदुमांनी त्यांच्याकडं बघितलं. गालावर वस्तऱ्याची ताजी चीर होती, तिच्यावर कागदाचा इवलासा कपटा चिकटवलेला. ह्या माणसावर आपण अजून जळतो, हे त्यांना त्या क्षणीही नीट ठाऊक होतं. बावन्न हा आकडा जिभेच्या टोकावर येऊन उभा होता.

"नऊ," मगदूम म्हणाले. "तेवढाच हाय अजून. वाढतच न्हाई बघा मेला."

आतून त्रिशलाबाई थाळी घेऊन बाहेर येत होत्या. त्या दारातच थबकल्या. नवऱ्याकडं बघितलं, नारळाकडं बघितलं. थाळी टेबलावर ठेवली, त्यातलं थालीपीठ मोडून एक घास खाल्ला आणि उरलेला तुकडा मगदुमांच्या हातावर ठेवला.

"तेव्हा यावंच लागणार तुम्हाला," मगदूम तोंडात घास असतानाच सरांना म्हणाले. "आणि नऊ म्हणजे नऊला या. दूध कोमट करून वाट बघत बसावं लागतंय मला."